सामाईक भिंत

भिंतीवर, घड्याळाच्या खाली, वॉलपेपर वाटीएवढा झिजलेला.

सायप्रसच्या झाडांचं कुंपण, दीड पुरुष उंच.

पलीकडून येणारा लसूण परतल्याचा वास.

तिकडच्या रेडिओवरचं क्रिकेटचं समालोचन, जे हल्ली ऐकू येत नाही.

‘विकणे आहे’ची पाटी, एजंटाच्या गाडीच्या डिकीत पडून.

“पाटी लावायची नाही म्हणजे?” एजंट ल्यूक म्हणाला. “मग लोकांना कळणार कसं, मिसेस टर्नवे?”

“एका माणसाला कळता कामा नये म्हणून तर नको,” एनिड म्हणाली. “बिस्किट घे. कालची आहेत, पण तूही काही फार ताजा दिसत नाहीस.”

एनिड एक्याऐंशी वर्षांची होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर जिना चढणं संपलं, बाहेर पडणंही जवळजवळ संपलं. मुलगा ग्रॅहम तिला यॉर्कला, आपल्या घराजवळच्या एका फ्लॅटमध्ये नेणार होता. हॉथॉर्न क्लोजमधलं घर विकायचं ठरलं होतं.

तिथली घरं जोडीजोडीनं बांधलेली. दोन घरांत एक भिंत. एनिडच्या भिंतीपलीकडे क्लिफर्ड पेग्रम. तिचा नवरा गेला, त्याच हिवाळ्यात त्याची बायको गेली. तेव्हा दोघांनी ठरवलं: सकाळी उठून पडदे उघडले की तिनं भिंतीवर दोनदा ठोकायचं, त्यानं दोनदा उत्तर द्यायचं. ठोका आला नाही, तर अॅम्ब्युलन्स बोलवायची.

पुढे कुंपणावरून भांडण झालं. त्याची झाडं तिच्या गुलाबांचं ऊन खात होती. ती त्याला हट्टी म्हातारा म्हणाली, तो तिला त्याहून वाईट काहीतरी म्हणाला. बोलणं तुटलं. झाडं वाढत गेली आणि दिसणंही बंद झालं.

ठोके मात्र थांबले नाहीत.

“आई, मी जाऊन बेल वाजवतो ना,” ग्रॅहम म्हणाला. “सरळ सांगतो, आई चाललीय म्हणून.”

“खबरदार. सॉरी त्यानं म्हणायचंय, बेल त्यानं वाजवायचीय.”

“तो ऐंशीच्या पुढचा आहे. आता कधी म्हणणार?”

“म्हणून तर.” ती घड्याळाकडे बघत राहिली. “त्याला पोर नाही, बाळ नाही. मी गेले हे कळलं, तर सकाळी उठून तो कोणासाठी ठोकेल? आणि एखाद्या दिवशी उठलाच नाही, तर कोणाला कळेल?”

एनिडला गिऱ्हाईक नको होतं. ठोकणारा माणूस हवा होता.

पहिलं जोडपं दिवसभर घराबाहेर असणारं. बाईंनी तर डबा, बस, ऑफिस सगळं वेळापत्रकच सांगितलं. एनिडनं त्यांना छताच्या गळतीबद्दल सांगितलं. छत गळत नव्हतं.

दुसऱ्या गिऱ्हाइकानं भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. “इथे आतून जाड अस्तर टाकून घेऊ. पलीकडचं काही ऐकू यायला नको.”

“मग भिंतीचा उपयोग काय?” एनिडनं विचारलं. त्यालाही तिनं गळकं छत दाखवलं.

ल्यूकनं कपाळाला हात लावला. “मिसेस टर्नवे, असं करत राहिलात तर मलाच घ्यावं लागेल हे घर.”

“तू उशिरा उठतोस. तुला नाही द्यायचं.”

मग ब्रायनी आली. घरी बसून कपडे शिवणारी, तिशीतली, एकटी. घर बघता बघता ती घड्याळापाशी थांबली आणि झिजलेल्या वॉलपेपरवर तिनं तळहात ठेवला.

“इथे काय होतं?”

एनिडनं तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यातलंही सांगितलं. ती स्वयंपाकघरात पडली होती, ठोका गेला नव्हता, आणि चहाची किटली गार व्हायच्या आत अॅम्ब्युलन्स दारात होती. ‘शेजारून फोन आला,’ एवढंच ती माणसं म्हणाली. बरी होऊन आल्यावर एनिडनं तीनदा ठोकलं. पलीकडून तीनदा उत्तर आलं.

“तुम्ही तेव्हाही गेला नाहीत आभार मानायला?” ब्रायनीनं विचारलं.

“तीनदा ठोकलं की,” एनिड म्हणाली. “हल्ली बदललाय तो. जन्मभर उकडलेला बटाटा खाल्ला आणि आता लसूण परततो. कुंपणसुद्धा त्याच्या बाजूनं नीट कापतो म्हणे. माणूस म्हातारपणी शहाणा होतो, फक्त कबूल करत नाही.”

ब्रायनीला घर परवडत नव्हतं. एनिडनं किंमत उतरवली. ग्रॅहम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

अटी दोनच. ठोका चुकवायचा नाही. आणि एनिड गेली हे पलीकडे कळू द्यायचं नाही.

सामानाचा ट्रक आला नाही. ग्रॅहमच्या गाडीतून थोडं थोडं गेलं, बाकीचं ब्रायनीलाच ठेवलं.

शेवटच्या सकाळी एनिडनं पडदे उघडले. घड्याळाखाली उभं राहून दोनदा ठोकलं. पलीकडून दोन ठोके आले. मग तिनं कपाळ भिंतीला टेकवलं.

“सॉरी, क्लिफर्ड,” ती म्हणाली. भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

ग्रॅहमनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती कुंपणाकडे न बघता आत बसली.

दुसऱ्या दिवशी ब्रायनीनं पडदे उघडले, एनिडनं दाखवलं होतं तसं मुठीच्या बाजूनं दोनदा ठोकलं आणि श्वास रोखून थांबली.

दोन ठोके. लगेच.

तिला हसू आलं, आणि रडूही.

क्लिफर्ड पेग्रम दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वर्दिंगच्या वृद्धाश्रमात वारला. तिथे जाण्याआधी त्यानं आपलं घर, पाटी न लावता, पडत्या भावानं, एका तरुण जोडप्याला याच दोन अटींवर विकलं होतं.