भूखंड चौदामधलं वर्तुळ

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता भूखंड क्रमांक चौदा टोमॅटोसकट सपाट करण्यात आला. पण ते आपण विसरून जाऊ. आज मंगळवार आहे, टोमॅटो शाबूत आहेत आणि नगररचना कार्यालयातला आरेखक साहेबांसमोर उभा आहे.

उपग्रहाच्या फोटोत भूखंड हिरवा दिसला होता. नोंदीप्रमाणे तो ओसाड होता.

"तिथे भाजीचा मळा होणार आहे," साहेब म्हणाले. "त्यामुळे तिथे कुणालाही भाजी लावता येणार नाही. अतिक्रमण कुणाचं ते शोधा. गुरुवारी नाव हवं, नाहीतर तुमचं लिहीन. शुक्रवारी मशीन."

त्या मळ्याचा आराखडा आरेखकानेच काढला होता. पूल बंद पडला, बाहेरच्या गाड्या अडकल्या, तरी शहराला हाकेच्या अंतरावर भाजी मिळावी, हा उद्देश. आराखडा सहा वर्षांपूर्वी मंजूर झाला आणि कपाटात गेला. गेल्या वर्षी पूल खरोखरच नऊ दिवस बंद होता. मंडईत नुसत्या टोपल्या. आरेखकाच्या डब्यात मात्र रोज ताजा पालक. तेव्हा त्याला संशय आला नाही. भरल्या पोटी तो येत नाही.

आता आला. भूखंडावर पाऊल ठेवताच त्याला कळलं, इथे पाणी मुरतंय. झाडांना लागतं त्यापेक्षा जास्त. प्रत्येक वाफा बरोबर एक मीटर वीस रुंद होता. भाजी लावणारा माणूस टेप लावत नाही आणि टेप लावणारा भाजी लावत नाही, हा त्याचा बारा वर्षांचा अनुभव.

"ऑफिसचीच माणसं आहेत की," रखवालदार म्हणाला. "पहिल्याच दिवशी शिक्क्याचा नकाशा दाखवला, तेव्हापासून मी दार उघडतो. एक मोठ्या बाई असतात. बाकीच्यांवर सारख्या ओरडतात."

शिक्का आणि वर मोठ्या बाई, म्हणजे मुख्यालय! त्याने जागेची मोजणी केली, नवा नकाशा काढला आणि काचेखाली दिवा लावून मंजूर आराखड्यावर ठेवला. रेघेला रेघ जुळली. खतखड्डा तोच, पाण्याची टाकी तीच, त्याने चुकून भिंतीकडे तोंड करून काढलेला बाकसुद्धा भिंतीकडे तोंड करून बसलेला.

फक्त एक गोष्ट जास्तीची होती. ईशान्य कोपऱ्यात कोथिंबिरीचा गोल वाफा. व्यास सात मीटर. असला वाफा त्याने काढला नव्हता. मुख्यालयातल्या कुणीतरी त्याच्या आराखड्यात परस्पर फेरफार केला होता! बुधवारभर त्याने सगळ्यांच्या टेबलांकडे तिरक्या नजरेने पाहिलं. शिपायाने पाणी विचारलं, तर हा म्हणाला, "का? तुम्हाला का जाणून घ्यायचंय?"

संध्याकाळी घरी चहा पिता पिता त्याने कप टेबलावर ठेवला, उचलला. खाली ओलं वर्तुळ उमटलं. त्याने पट्टी लावली. सात सेंटिमीटर. आराखड्याचं प्रमाण एकास शंभर होतं.

तो स्वयंपाकघरात गेला. फडताळावरचे डबे एकेक करून खाली उतरवले. डब्यांखाली अंथरला होता मंजूर आराखडा, शिक्क्यासकट; मंजुरीच्या दिवशी आईला दाखवायला म्हणून आणलेली जादा प्रत. ईशान्य कोपऱ्यात चहाच्या कपाचा तपकिरी डाग. त्याच्याच कपाचा.

"आई, तू दुपारी पत्ते कुटायला जातेस ना?"

"तू मला विचारतोयस की पकडतोयस?" आईने हात पदराला पुसले. नखांत माती होती. "तूच म्हणालास, मंजूर झालं. मी वर्षभर वाट पाहिली. मग म्हटलं, माझ्या लेकाला कामं असतात, आपणच सुरू करावं. गल्लीतल्या बायका घेतल्या हाताशी. नऊ दिवस अख्खी गल्ली जेवली त्यावर."

"आणि तो गोल वाफा?"

"तो तुझ्या नकाशात होता. मलाही कळेना कशाला. पण म्हटलं, एवढा शिकलेला मुलगा, उगाच गोल काढेल का? असेल काहीतरी शास्त्र." मग हळूच म्हणाली, "का रे, चुकलं का काही?"

आरेखकाने त्या डागावरून बोट फिरवलं. "नाही," तो म्हणाला. "एकदम बरोबर आहे."

गुरुवारी त्याने अहवाल दिला. अतिक्रमणकर्त्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. खाली लिहिलं: "जागेवरील काम मंजूर आराखड्यानुसारच झालेले असून, ते पाडल्यास हेच काम पुन्हा याच ठिकाणी करावे लागेल. तफावत केवळ एका वर्तुळापुरती आहे. तरी सोबतच्या प्रतीवरील चहाच्या कपास मूळ आराखड्याचा भाग म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या तारखेपासून मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."