मोरेश्वररावांची खिरापत

"शंकरपाळे?"

मोरेश्वररावांनी मिशीतल्या मिशीत हसत नाही म्हणून मान हलवली आणि झाकलेला डबा पुन्हा खुळखुळवला.

भोंडला संपला होता आणि फेर धरून दमलेल्या पोरी खिरापतीवर टपल्या होत्या. बायकोची खिरापत दरवर्षी पहिल्या झटक्यात ओळखली जायची. "साधं गुपित राखता येत नाही तुला," असं म्हणत यंदा त्यांनी स्वतःच स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं.

"चिक्की? बत्तासे?"

"अं हं!" त्यांची छाती इंचाइंचानं फुगत होती.

"हरलो, आजोबा!"

त्यांनी थाटात झाकण उघडलं. पोरींनी आत डोकावलं, एकेक तुकडा दाढेखाली धरला आणि एकमेकींकडे पाहिलं.

"हरलो म्हटलं ना," नात रडकुंडीला आली, "आता तरी सांगा, काय आहे हे?"

सकाळी आपण नारळाच्या वड्या करायला घेतल्या होत्या, एवढं त्यांना नक्की आठवत होतं. त्यांनीही एक तुकडा डोळे मिटून चघळला.

"मीही हरलो."

बायकोनं पदराआडून दुसरा डबा काढला. तो हलायच्या आत, सगळ्या पोरींच्या आधी, मोरेश्वररावच ओरडले, "वाटली डाळ!"