पूजेआधी

विलायतेत, आमच्या स्टॅनमोरमध्ये धड बर्फही पडत नाही, तरी आमच्या ह्यांनी बर्फावर पळणारी जुनी रेसिंगची स्नोमोबाइल आणून गॅरेजात खोलली. इंजिन सुटं करून नवं बांधलं, ताकद वाढवली. त्या ऑइलचा वास पार स्वयंपाकघरात यायचा.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत बर्फाने रस्ते बंद झाले आणि नेमका सासूबाईंचा श्वास कोंडला. ॲम्ब्युलन्स आमच्या रस्त्याच्या चढाखालीच अडकली.

"अहो, तुमची ती गाडी काढा ना!"

"पूजा न करता? आणि पहिल्याच खेपेला आजारी माणूस?"

सासूबाई माझ्या मांडीवर गेल्या.

हे खिडकीशी पाठमोरे उभे होते. रडत असतील म्हणून मी खांद्यावर हात ठेवला.

"आता सुतक," ते म्हणाले. "ते फिटेपर्यंत पूजा नाही, आणि तोवर हा बर्फ कसला राहतोय!"