धाकट्याचं थडगं

गवंड्याने छिन्नी लावली आणि थडग्यावरच्या नावाचं पहिलं अक्षर उडवलं. इवेरेन म्हातारी आंब्याखाली स्टुलावर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"आई, एक अंगठा," गिरणीवाला म्हणाला. "तेवढ्यावर घोडं अडलंय."

ग्बोको शहरात या माणसाला ओर्कुमा इक्यान म्हणून ओळखत. ओर्कुमाची भाताची गिरणी, ओर्कुमाचे ट्रक, आणि या महिन्यात भिंतीभिंतीवर ओर्कुमाचा हसरा चेहरा, कारण स्वारी राज्याच्या विधानसभेला उभी होती. त्याला सेसुग म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते समोर स्टुलावर. खरा ओर्कुमा हा त्याचा थोरला भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी कोनफळाच्या शेतात साप चावून गेला. चौथ्या दिवशी त्याचा शालान्त परीक्षेचा निकाल आला, पास. सेसुगने शाळा केव्हाच सोडली होती. करकरीत प्रमाणपत्र कुजवायचं कशाला म्हणून त्याने ते उचललं, आणि त्याच्याबरोबर नावही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हा असं बऱ्याच घरांत झालं होतं.

आता समोरच्या उमेदवाराला कुठून तरी कुणकुण लागली होती आणि त्याने कोर्टात अर्ज ठोकला होता. परवा कोर्टाची माणसं अंगणातलं हे थडगं बघायला येणार होती.

शपथेचा कागद घेऊन आलेला कारकून थडग्याकडे पाठ करून बसला होता. न दिसलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने तिच्या भाषेत वाचून दाखवलं.

"मी, इवेरेन इक्यान, शपथेवर सांगते की मला दोन मुलगे झाले. थोरला ओर्कुमा हयात आहे. धाकटा सेसुग साप चावून मेला. त्याला मी माझ्या अंगणात पुरलं."

"परत वाच," म्हातारी म्हणाली.

त्याने परत वाचलं.

"ओर्कुमाला शेवटचं मी धुतलं होतं. या हातांनी. पाय एवढा सुजला होता त्याचा."

"आजी, मेलेल्याला नाव घेऊन काय करायचंय?" गिरणीवाल्याचा वकील शिमा हसत म्हणाला. "तो काय मतं मागायला येणार आहे?" दुसरं कुणी हसलं नाही.

"तेवढंच तर राहिलं होतं त्याचं. बाकी सगळं यानेच घेतलं."

गिरणीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घेतलं म्हणजे? या घरावर पत्रे कुणी घातले? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन कुणी करवलं? ओर्कुमाने?"

"हो," म्हातारी म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."

ते त्याला झोंबलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज उतरला होता. "आई, नुसती उमेदवारी जाऊन भागणार नाही. खोट्या प्रमाणपत्राबद्दल आत टाकतील मला. या वयात तुरुंगात नाही गं टिकायचा मी. सांग, तुला मेलेला हवाय की जिता?"

म्हातारीने अंगठा पुढे केला. तो तिने असा दाबला की कागदाखालचं फळकूट हललं.

वकिलाने कागद ताब्यात घेतला. गवंड्यानेही तोवर ओल्या सिमेंटवर नवीन नाव कोरलं होतं. "चहाचं पाणी मारतो वरून, जुनं दिसेल," तो म्हणाला. "बघा साहेब, अक्षरं बरोबर आहेत ना?"

गिरणीवाल्याने वाकून स्वतःचं नाव वाचलं. खाली दोन तारखा होत्या. "बरोबर आहेत," तो म्हणाला.

मागे स्टूल पडल्याचा आवाज झाला. म्हातारी उठली होती. तिने डोक्याचं फडकं सोडलं, थडग्यापाशी मातीत बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

"सेसुग रे! माझ्या सेसुगा! अंधाराला भिणारं माझं लेकरू! माझ्या कापडाचं टोक मुठीत धरून झोपायचास रे! आता कुणाचं धरशील?"

त्या भागात म्हातारं माणूस असं रडलं की शेजारणी हातातलं काम टाकून धावतात. कोण गेलं ते मागाहून विचारतात. कुणी पीठभरल्या हातांनी आली, कुणी पोर कडेवर घेऊन. आल्या त्या थडग्याभोवती बसल्या आणि म्हातारीच्या मागोमाग आळवू लागल्या, सेसुग रे, सेसुगा. सगळ्या अंगणात त्याचंच नाव चाललं होतं आणि त्याला ओ देता येत नव्हती.

"आई, पुरे आता," तो म्हणाला.

"रडू द्या, साहेब." वकिलाने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं होतं. "याहून मोठा पुरावा मिळायचा नाही." मग तो कानाशी लागून म्हणाला, "तुम्हीही बसा जरा. भाऊ होता तुमचा."

गिरणीवाला प्रचाराच्या नव्या कोऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यानिशी मातीत बसला. बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटला, "आई, मी आहे ना. इथेच आहे मी."

म्हातारी वळली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"ओर्कुमा," ती म्हणाली, "सेसुग गेला रे आपला. तू तरी मला सोडून जाऊ नकोस."