वृंदीचं नाव

श्यामरावांनी तो कागद शेवटी शकुनबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

चार दिवस हा कागद संध्याकाळी बॅगेतून घरी येत होता आणि सकाळी तसाच ऑफिसात परत जात होता. वटवाघळांच्या पोटात सापडणारे पट्टकृमी ओळखायचे आणि त्यांची वर्गवारी लावायची, ही श्यामरावांची सरकारी नोकरी. बदलीवर कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. त्यांचं अक्षर ऑफिसातल्या टायपिस्टला लागत नसे, म्हणून प्रत्येक लेख शकुनबाई भवानीपूरच्या या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून स्वच्छ उतरवून देत. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी तेवढ्याला पुरत होतं. जंतांची पोथी म्हणून त्या लेखांची थट्टा करत, पण एक स्वल्पविराम सुटू देत नसत.

आजचा मजकूर अर्ध्या पानाचाच होता. दुसऱ्या ओळीत त्यांचं पेन थांबलं.

“यात वृंदी आहे,” त्या म्हणाल्या.

वृंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तेचाळीस साली, नऊ वर्षांची असताना, टायफॉइडने गेली. पुढच्याच वर्षी खिदिरपूरच्या एका गोदामात धरलेल्या लहानशा वटवाघळात श्यामरावांना एक कृमी मिळाला. त्याच्या सगळ्या भाऊबंदांच्या डोक्यावर आतड्याला धरून राहायला बारीक आकडे असतात, याच्या डोक्यावर एकही नव्हता. म्हणजे नवी जात. नाव ठेवायचा मान वर्णन करणाऱ्याचा, आणि श्यामरावांनी मुलीचं नाव ठेवलं. लॅटिनच्या नियमाने नावाला शेपूट लागलं आणि उच्चार झाला ‘वृंदी’. ऑफिसातले बंगाली लोक ‘बृंदी’ म्हणत, पण घरात वृंदाला हाकच मुळी वृंदी अशी होती.

शकुनबाई तेव्हा संतापल्या होत्या. वटवाघळाच्या पोटातल्या किड्याला माझ्या पोरीचं नाव द्यायला तुमचं मन कसं धजावलं, असं विचारून दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मग छापील लेख घरी आला. तिरप्या अक्षरांतली ती हाक त्यांनी बोट ठेवून वाचली, आणि त्या एका लेखाची थट्टा पुढे कधी केली नाही.

आता हा कागद म्हणत होता, की अशी जातच नाही.

गेल्या आठवड्यात श्यामरावांच्या हाताखालच्या सुनीती बसूने जुन्या बाटल्या तपासायला काढल्या होत्या. वृंदी ठेवलेल्या बाटलीच्या तळाचा गाळ तिने सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर गाळात आकडे होते. मेलेल्या कृमीच्या डोक्यावरून गळून पडलेले, अडतीस. मापं घेतली तेव्हा ती तीस वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून वर्णन झालेल्या एका जातीशी तंतोतंत जुळली. वृंदा कोण हे सुनीतीला ठाऊक होतं. तिने बाटलीला बूच लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, की सरांनी सांगितलं तर ही बाटली तिने उघडलीच नव्हती. श्यामरावांनी तिचे आभार मानले आणि आकडे स्वतः पुन्हा मोजले. एरवी ते प्रत्येक बाटलीचा गाळ तपासत. त्या वर्षी या एका बाटलीचा तपासला नव्हता. नवी जात मिळावी अशी त्यांना घाई झाली होती.

हे सगळं त्यांनी खिडकीशी उभं राहून, पाठमोरेच सांगितलं.

“आणि हे छापायला नाही पाठवलं तर?” सांगून झाल्यावर शकुनबाई म्हणाल्या.

“तर खोटं माझं असेल, शकुन, आणि राहील तिच्या नावावर.”

शकुनबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. पोरीला दुसऱ्यांदा पोचवायचं काम आपल्याच हाताने करायचं आहे, असं त्यांना वाटलं आणि नवऱ्याचा रागही आला. मग त्यांनी विचारलं, की ते नाव आता पुस्तकांतून खोडून टाकतील का.

श्यामराव टेबलाशी येऊन बसले. खोडत नाहीत, ते म्हणाले. ब्रह्मदेशातल्या त्या जातीच्या नावाखाली बारीक अक्षरांत राहतं, चुकून दिलेलं म्हणून. ते कुणी वाचत नाही. मग, नियम सांगायचा तर पुरा सांगावा या सवयीने, त्यांनी हेही सांगितलं की बाद झालं तरी ते नाव वापरलं गेलं असं धरतात. कृमींच्या या वंशात उद्या कितीही नव्या जाती सापडल्या, तरी त्यांतल्या एकीलाही ते देता येत नाही.

“कधीच नाही?”

“कधीच नाही. मलाही नाही, दुसऱ्या कुणालाही नाही.”

त्यांचा आवाज पार खाली गेला होता. सगळ्यात वाईट बातमी आपण शेवटी दिली, असं त्यांना वाटत होतं.

शकुनबाईंनी पदराने डोळे पुसले. कागद जवळ ओढला, आणि अडलेली दुसरी ओळ एकेक अक्षर जपून पुरी केली.

“एवढा एक नियम तुमच्या लोकांनी बरा केलाय,” त्या म्हणाल्या.