दारात काढलेले बूट

"मी मागं राहते गं नेहमी," असं वैजयंतीबाईंनी लेकीला, तिनं सहलीचे पैसे भरायच्या आधीच सांगितलं होतं. ईशानीनं ते हसण्यावारी नेलं. "आई, पुढं झेंडा घेतलेला माणूस असतो. त्याच्यामागं चालत राहायचं, झालं."

आणि आज सकाळी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या स्वयंपाकघरात, आपल्या छोट्या अन्वीला पॉरिज भरवता भरवता तिनं व्हिडिओ कॉल घेतला, तर पडद्यावर आईचा अर्धा चेहरा आणि त्यामागं हनोईचा रस्ता. रस्ता कसला, पूर आलेली नदी. स्कूटरला स्कूटर चिकटलेली, एकीवर फ्रिज बांधलेला, दुसरीवर अख्खं कुटुंब.

"सगळे पलीकडं आहेत," आई म्हणाली. "बस दिसतेय. झेंडासुद्धा दिसतोय. मी तेवढी अलीकडं."

"म्हणजे तुला सोडून गेले?"

"सोडून कसले? देवळात पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. माझे बूट राहिले पुढच्या दारात. मग आणायला नकोत?"

"तिथं बूट काढावे लागतात?"

"नाही. स्वानंद म्हणाला होता, काकू, घालूनच चला. पण देवळात बूट घालून जायचं कसं? आणि तू पाठवलेल्या बुटांना या एवढ्या नाड्या."

स्वानंद म्हणजे झेंडेवाला. ईशानीनं लॅपटॉपवरून त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बस तिथून थेट विमानतळावर जाणार होती, आणि आईची बॅग, पासपोर्ट, गुडघ्याच्या गोळ्या सगळं बसमध्ये होतं.

"सिग्नलच्या खांबावर बटण असेल बघ. ते दाब आणि हिरवा माणूस येईपर्यंत थांब."

"येऊन गेला हिरवा माणूस. त्याला इथं कुणी विचारत नाही."

"मग तू हलूच नकोस. मी कुणाला तरी सांगते."

"कुणाला सांगतेस? तू तिथं, मी इथं. ड्रायव्हर चढला बघ बसमध्ये."

ईशानीनं चमचा खाली ठेवला. अन्वीला ताप आला की ती तिच्या छातीची हालचाल बघत बसायची, तशी आता ती त्या रस्त्याकडं बघायला लागली. "फोन रस्त्याकडं धर. हात हलवू नकोस."

खांद्यावर कावड घेतलेली एक बाई फुटपाथवरून उतरली. थांबली नाही, पळाली नाही, बिचकून मागं सरली नाही. एका चालीनं निघाली, आणि स्कूटरच तिला वळसा घालून गेल्या.

"आई, तू कुठल्या बाजूला बघतेयस?"

"उजवीकडं. आपण बघतो तसंच."

"तिथं गाड्या डावीकडून येतात. तू मघापासून उलटीकडं बघतेयस."

"अगंबाई. खरंच की."

"तुझ्याजवळ पलीकडं जाणारं कुणी आहे?"

"एक आजीबाई आहे. भाजीची पिशवी आहे हातात. माझ्याहून म्हातारी दिसतेय."

"तिच्या उजव्या हाताला उभी राहा. ती निघाली की निघायचं. ती थांबली तरच थांबायचं. पळायचं नाही आणि मागं पाऊल घ्यायचं नाही."

"आणि गुडघा?"

ईशानी म्हणाली, "त्याला सांग, काय दुखायचं ते पलीकडं गेल्यावर दुख."

आई हसली. "फोन पिशवीत टाकते. दोन्ही हात मोकळे हवेत मला."

"कट नको करूस."

पडदा काळा झाला.

"आजी कुठं गेला?" अन्वीनं विचारलं. एरवी ईशानी लगेच सुधारायची, गेला नाही गं, गेली. आज तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

पिशवीत आवळ्याच्या सुपारीची पुडी असणार. पावलागणिक ती सळसळत होती. हॉर्न जवळ आले, मग चहूबाजूंनी आले, आणि त्या सगळ्या कल्लोळात ईशानी तेवढी सळसळ ऐकत उभी होती. एक पाऊल. आणखी एक. मध्येच ती थांबली. कुणीतरी करकचून ब्रेक लावला. ईशानीनं ओट्याची कड धरली. मागं नको येऊस, ती पुटपुटली, मागं नको.

सळसळ पुन्हा सुरू झाली.

हॉर्न हळूहळू मागं पडले. बसच्या दाराचा फुस्स आवाज आला, आणि पाठोपाठ एका बाईचा, मराठी आणि अगदी जवळून: "अय्या, वैजयंतीताई, तुम्ही बाहेर होतात होय?"

पिशवीतून फोन बाहेर आला. आईच्या कपाळावर घाम होता आणि डोळे चमकत होते. "पोचले गं. त्या आजीबाईनं माझा हात धरला होता. की मीच तिचा धरला, कुणास ठाऊक." मागून कुणीतरी लिमलेटच्या गोळ्या वाटत होतं. बस सुटली.

फोन ठेवून ईशानीनं अन्वीचं तोंड पुसलं. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तीही होती, पैसे तिनं भरले म्हणून. आधी तिनं स्वानंदला उद्देशून बरंच काही लिहिलं, मग ते सगळं पुसलं आणि सगळ्यांना लिहिलं:

"नमस्कार. मी वैजयंतीताईंची मुलगी. उद्या तुम्ही कुठल्या देवळात जाणार आहात, मला माहीत नाही. आई दारात बूट काढेल आणि मी तिला काढू नकोस म्हणणार नाही. नाड्या बांधायला तिला वेळ लागतो. हे जे कुणी वाचत असेल, त्यांनी पुढं निघण्याआधी एकदा मागं वळून बघावं, ती आली का."