लाल शाईचा शेरा

बुद्धिबळ खेळणारी संगणकावरची इंजिनं तपासायचं माझं काम. जुन्या दिग्गजांनी पुढचा विचार करून जिथे आपलं मोहरं सोडलं, अशा शंभर पोझिशन मी निवडते, खेळाडूंची नावं झाकते आणि तीच चाल इंजिनाला सुचते का, ते बघते. निकालावर मत द्यायला कंपनीने नेमकं माझ्या जुन्या सरांनाच बोलावलं.

सत्तेचाळिसाव्या पोझिशनला इंजिन अडून बसलं. उंटासाठी हत्ती दिला तिथेच डाव हातचा गेला, असं त्याचं म्हणणं.

सर सगळ्यांसमोर हसले. "या डबड्याला काय कळतंय? तो उंट गेला की काळी घरं उघडी पडलीच! अशी चाल सुचायला दिग्गजच लागतो."

"एवढं लिहून सही कराल, सर?"

त्यांनी झोकात सही ठोकली.

मी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून त्या सहीशेजारी ठेवला. शालेय स्पर्धेतला माझा डाव, मी तेरा वर्षांची असतानाचा. सत्तेचाळिसावी पोझिशन यातलीच. त्याच चालीपुढे लाल शाईत शेरा होता: 'बिनडोक. उद्यापासून क्लासला येऊ नये.' खाली तीच झोकदार सही.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. कुणीतरी हसू दाबलं.

"मनाला लावून घेऊ नका, सर," मी म्हणाले. "इंजिनाने सहा तास विचार केलाय. त्या वेळी तुमचंच बरोबर होतं."